राखणीचे बार आणि कानांची निगा

मेळघाटातील सेमाडोह हे गाव सिपना नदीच्या काठी, सागाच्या रानात वसले आहे. रानालगतच्या शेतात पीक उभे राहिले की रानडुकरांपासून त्याचे रक्षण करण्यासाठी रात्रभर जागल करावी लागते. जागलीचे पहिले साधन म्हणजे माणसाचे कान होत. वाळल्या पानांची सळसळ ऐकूनच जनावराची चाहूल लागते. आणि ते जनावर अस्वल किंवा वाघ असल्यास त्या चाहुलीवर जीवही अवलंबून असतो.

जनावरे पिटाळण्यासाठी ठिकठिकाणी सुतळी बॉम्ब, हवेची बंदूक व पिस्तूल, तसेच अलीकडे कार्बाइडची बंदूक यांचा वापर होतो. असे बार उघड्या कानांनी वारंवार उडविल्यास पीक वाचते, परंतु कान निकामी होऊ लागतात.

कानाच्या आतील भागात ध्वनी ओळखणाऱ्या सूक्ष्म केसयुक्त पेशी असतात. मोठ्या आवाजाच्या धक्क्याने त्या मरतात व पुन्हा उगवत नाहीत. प्रथम बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. पानांची सळसळ याच प्रकारची असते. दुखत नसल्यामुळे ही हानी बरेच दिवस ध्यानात येत नाही.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपेक्षा अधिक ऐकू नये. त्यापुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती केवळ पंधरा मिनिटे उरते. चार मीटर अंतरावर १२५ डेसिबलहून अधिक आवाज करणाऱ्या फटाक्यांना १९९९ पासून भारतात मनाई आहे. परंतु अंतर निम्मे झाले की आवाज सुमारे सहा डेसिबलने वाढतो. म्हणजे नियमात बसणारा फटाकाही एक मीटरवर फुटल्यास सुमारे १३७ डेसिबलचा आघात करू शकतो.

हवेच्या पिस्तुलात दारू नसते, म्हणून त्यापासून कानास भय नाही असा समज आहे. तो पूर्णपणे खरा नाही. दाबलेली हवा नळीतून एकाएकी सुटताच टणत्कार होतो. मोकळ्या शेतात एखादा बार झाल्यास धोका थोडा असतो. पत्र्याच्या छपराखाली किंवा बंद खोलीत मात्र आवाज भिंतींवरून परततो, आणि नेमबाजीच्या सरावात असे बार शेकड्यांनी होतात. यास्तव दहा मीटर नेमबाजी शिकणाऱ्या मुलामुलींनीही कान झाकावेत.

कानात कापूस घालणे पुरेसे नाही. फोमचे बोळे स्वच्छ हातांनी वळून बारीक करावेत, दुसऱ्या हाताने कान वर व मागे ओढून आत बसवावेत आणि फुगेपर्यंत सुमारे अर्धा मिनिट दाबून धरावेत. बोळ्यांमुळे जनावराची चाहूल लागणार नाही, अशी शंका जागल करणारे घेतात व ती योग्यच आहे. त्यांनी कानांवर बसणारी झाकणे गळ्यात अडकवून ठेवावीत, बार करण्यापूर्वी लावावीत व नंतर काढावीत. झाकणाखाली दुपट्टा येऊ देऊ नये; फटीतून आवाज आत शिरतो. शेजारी उभ्या असलेल्या माणसासही हीच काळजी लागू आहे.

कार्बाइडची बंदूक मुळीच वापरू नये. ऑक्टोबर २०२५ मधील दिवाळीत शेजारच्या मध्य प्रदेशात तिच्यामुळे अनेक मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. सेमाडोह हे मेळघाट व्याघ्र प्रकल्पात येते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये अभयारण्यात विनापरवाना शस्त्र किंवा स्फोटक नेता येत नाही, आणि जनावरास इजा करू शकणारी हवेची बंदूकही त्यात मोडते. म्हणून राखणीच्या उपायांबाबत वनविभागाचा सल्ला घ्यावा.

बार झाल्यावर कानात गुणगुण राहिली, दडा बसला किंवा कमी ऐकू येऊ लागले, तर तेल न घालता त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रात जावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वीच जागल करणाऱ्यांना बोळे व झाकणे वापरण्याची रीत प्रत्यक्ष दाखवावी. बुडालेले पीक पुढील हंगामात पुन्हा घेता येते. गेलेले कान परत येत नाहीत.