सराव-पाठ कसा पाहावा?

शिक्षक होऊं पाहणाऱ्याची परीक्षा केवळ कागदावर पुरी होत नाहीं. त्याला मुलांपुढें उभें करावें लागतें. अशा छात्राध्यापकाचा सराव-पाठ पाहतांना निरीक्षकानें नेमकें काय पाहावें, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं.

नातेपुत्यासारख्या गांवीं घडूं शकेल असा एक तास डोळ्यांपुढें आणावा. इयत्ता तिसरी, विषय हातच्याची वजाबाकी. ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी पंढरीच्या वाटेवर येथें मुक्काम करते, म्हणून छात्राध्यापकानें उदाहरणही तेंच घेतलें आहे : भाकरी जमल्या ४०२, वाढल्या १३७, उरल्या किती? मुलें खूष आहेत. फळ्यावरील अक्षर टपोरें, आवाज शेवटच्या बांकापर्यंत पोंचणारा, टांचणांतील एकही पायरी गळलेली नाहीं. मागें बसलेले निरीक्षक समाधानानें खुणा करीत आहेत.

तिसऱ्या बांकावरील एका मुलीनें मात्र उत्तर लिहिलें आहे ३३५. ही चूक निष्काळजीपणाची नव्हे. प्रत्येक घरांत मोठ्या अंकांतून लहान अंक वजा करावयाचा, असा नियम तिनें मनाशीं बसविला आहे. म्हणून दोनांतून सात जात नाहींत असें दिसतांच तिनें सातांतून दोन वजा केले. छात्राध्यापक तिच्या वहीपाशीं थांबला काय? "हें कसें केलेंस?" असें त्यानें विचारलें काय, कीं शेजारच्या मुलाकडून २६५ वदवून घेऊन तो पुढें गेला? पाठाची खरी किंमत या अर्ध्या मिनिटांत ठरते. आवाज, फलकलेखन, साहित्य यांना गुणपत्रकांत रकाने असतात, कारण तीं मोजावयास सोपीं.

१९६३ च्या सुमारास अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत सूक्ष्म-अध्यापनाची पद्धत निघाली. पांच-दहा मिनिटें, मोजकीं मुलें, एकच कौशल्य. लगेच चर्चा, आणि सुधारलेला पाठ पुन्हां. सारें मर्म त्या 'पुन्हां'मध्यें आहे. आपल्याकडे बहुधा सहाध्यायीच विद्यार्थी बनतात, आणि ते बिचारे ३३५ असें उत्तर कधीं देत नाहींत!

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनीं दोन वर्षांच्या बी.एड्.मध्यें २० आठवडे शाळेंतील आंतरवासिता ठरविली. त्यामुळें एकाच दिवशींच्या सजविलेल्या पाठावर भिस्त ठेवण्याचें कारण उरलें नाहीं. अडचण निराळीच आहे. दोष दाखविणारा आणि गुण देणारा एकच असला, कीं छात्राध्यापक आपली अडचण झांकतो. निदान पहिले कांहीं आठवडे अभिप्राय बिनगुणांचा असावा, आणि तो "पाठ चांगला झाला" असा नसावा. "तिसऱ्या बांकावरील वही पाहिली नाहीं, उद्यां तेथूनच आरंभ करावा," इतकें लिहिलें तरी पुरे.