वाकलेली पेशी सरळ का होत नाही?

नागपूर व भोवतालच्या विदर्भात ‘सिकलसेल’ हे नाव आता खेड्यापाड्यांतही परिचित आहे. मध्य भारतातील या विकाराविषयी शुक्ल व सोलंकी यांनी ‘लॅन्सेट’मध्ये १९५८ साली लिहिले. मूळ दोष हिमोग्लोबिनाचा. प्राणवायू सुटताच त्याचे कण चिकटून दोरे बनतात व तांबडी रक्तपेशी विळ्यासारखी वाकते. प्राणवायू लाभला की दोरे विरतात, पेशी पूर्ववत् होते. मग काही पेशी कायमच्या वाकड्या का राहाव्यात?

याचे उत्तर पेशीच्या अस्तरात आहे. तिच्या पटलाला आतून स्पेक्ट्रिन नामक प्रथिनाचे जाळे असते, जणू बाजेची वीणच. अँकिरिन हे दुसरे प्रथिन ती वीण पटलाशी जखडून ठेवते. या बांधणीच्या बळावर सात-आठ मायक्रॉन व्यासाची निरोगी पेशी स्वतःहून अरुंद केशवाहिनीतून दुमडून जाते व न फाटता बाहेर पडते. हा उद्योग सुमारे १२० दिवस चालतो.

वारंवार वाकून मात्र वीणच बिघडते. लक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली अशा कायम वाकलेल्या पेशींतील हिमोग्लोबिन आणि पटलाचा मेद काढून टाकला. तरी मागे उरलेले रिकामे जाळे विळ्याच्याच आकाराचे! झोळ पडलेली बाज माणूस उठला तरी सपाट होत नाही, तसेच हे. अशा ताठर पेशी लवकर नाश पावतात आणि रुग्णास रक्तक्षय जडतो.

पेशीतील पाणी घटले की हिमोग्लोबिन दाटते व दोरे झपाट्याने बनतात. म्हणूनच नागपूरच्या वैशाखात अशा मुलांना तहानेची वाट न पाहता पाणी पाजावे लागते.