गवत कापा, डॉलर कमवा!

दोस्तांनो, उन्हाळ्याची सुट्टी लागली की तुम्ही काय करता? मामाच्या गावाला जाता, आंबे चापता, क्रिकेट खेळता, आणि दुपारी आईचा डोळा लागला की फ्रीजमधला बर्फ पळवता. बरोबर ना? आता हाच प्रश्न अमेरिकेत राहणाऱ्या तुमच्याएवढ्या मुलाला विचारा. तो म्हणेल, "पोहायला जातो, बेसबॉल खेळतो आणि शनिवारी चार घरांचं गवत कापतो."

गवत? हो, गवत! आणि तेही फुकट नाही बरं का. रोख पैसे घेऊन!

तिकडच्या उपनगरांत घरं सुटी सुटी असतात. पुढे हिरवळ, मागे हिरवळ. ही हिरवळ दिसायला छान, पण तिचं एक दुखणं असतं. ती वाढतच राहते! एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत दर आठवड्याला कापावी लागते. नाही कापली तर शेजारी नाकं मुरडतात. कित्येक गावांत तर गवत किती इंच वाढू द्यायचं याचा नियमच असतो आणि तो मोडला की घरी नोटीस येते. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर १९४७ साली लेव्हिटाउन नावाची हजारो घरांची वसाहत उभी राहू लागली. एकसारखी घरं, एकसारखी अंगणं. तिथल्या रहिवाशांना आठवड्यातून एकदा गवत कापायची अटच घातली होती. अशा वसाहती देशभर झाल्या, आणि कापायचं गवतही देशभर झालं. मोठी माणसं कामावर जायची. मग गवत कोण कापणार? घरातली नाहीतर शेजारची मुलं!

गवत कापायचं यंत्र मात्र अमेरिकेतलं नाही. ते इंग्लंडमधलं. एडविन बडिंग नावाच्या कारागिरानं १८३० साली त्याचं पेटंट घेतलं. तो लोकरीच्या कापडगिरण्यांच्या भागात राहायचा. विणलेल्या कापडावरची लव एकसारखी कापायला तिथे पात्यांचं फिरतं रूळ वापरत. ते बघून त्याच्या डोक्यात आलं, कापडावरची लव जशी कापतात तसं जमिनीवरचं गवत का कापू नये? त्याआधी लांब दांड्याच्या विळ्यानं गवत कापत, किंवा सरळ मेंढ्या सोडत. हसू नका! पहिल्या महायुद्धाच्या काळात खुद्द अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या व्हाइट हाउससमोर मेंढ्या चरत होत्या. माळ्यांचे हात युद्धाच्या कामाला मोकळे झाले, आणि मेंढ्यांच्या लोकरीचा लिलाव करून रेडक्रॉसला ५० हजार डॉलरहून जास्त मदत मिळाली ती वेगळीच.

असो. आपण आपल्या मुलाकडे येऊ. समजा, तो न्यू जर्सीत राहणारा तुमचा मावसभाऊ आहे. वय १३. त्याला हा धंदा सुरू करायचाय. पहिली अडचण कोणती असेल? यंत्र? छे! पहिली अडचण म्हणजे शेजारच्या घराची बेल वाजवणं. दार उघडणाऱ्या अनोळखी आजोबांसमोर उभं राहून बोलायचं, "मी अमुक घरात राहतो. तुमचं गवत दर शनिवारी कापून देईन. इतके डॉलर घेईन." एवढी तीन वाक्यं! पण घरात आरशासमोर दहादा म्हणून पाहिलेली ही वाक्यं दारात घशात अडकतात. तिसऱ्या घरी "नको" ऐकू येतं, चौथ्या घरी कुत्रं भुंकतं, आणि पाचव्या घरी कोणीतरी म्हणतं, "बघू, ये शनिवारी." मला विचाराल तर या धंद्यातला सगळ्यात मोलाचा धडा या बेलपाशीच मिळतो.

आता हिशेब. कागद-पेन्सिल घ्या. समजा, जुनं यंत्र २०० डॉलरला मिळालं. पैसे बाबांनी दिले, पण उसने! एका घराचे २५ डॉलर ठरले. प्रत्येक घराला २ डॉलरचं पेट्रोल लागतं. (तिकडे पेट्रोलला 'गॅस' म्हणतात. घोटाळा करू नका.) म्हणजे एका घरामागे हातात राहिले २३ डॉलर. शनिवारी चार घरं केली की ९२. दोन शनिवारचे १८४. तिसऱ्या शनिवारी पहिलं घर झालं की २०७. बाबांचे २०० फिटले! म्हणजे पहिली नऊ घरं त्यानं घाम गाळला तो यंत्रासाठी. स्वतःच्या खिशात काही नाही, फक्त वरचे ७ डॉलर. खरी कमाई दहाव्या घरापासून.

पण थांबा, हिशेब संपला नाही. मेमध्ये एक शनिवार पाऊस पडला. ओलं गवत कापायचं नसतं, पाय घसरतो आणि यंत्रही तुंबतं. काम रविवारवर गेलं, आणि रविवारी मित्राचा वाढदिवस होता. पातं बोथट झालं, धार लावायला पैसे गेले. एकदा यंत्र वळवताना शेजारच्या आजींचा झेंडू कापला गेला. भरपाई कोण देणार? ऑगस्टमध्ये ऊन तापलं, पाऊस नाही, गवत पिवळं पडलं आणि वाढायचंच थांबलं. गवत नाही तर काम नाही, काम नाही तर पैसे नाहीत! शाळेतल्या गणितात 'खर्च वजा जाता नफा' असं एका ओळीत लिहिलेलं असतं. त्या ओळीत ऑगस्टचं ऊन आणि आजींचा झेंडू कुठे असतो?

वॉरन बफे हे नाव तुमच्या आईबाबांनी नक्की ऐकलंय. जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक. ते शाळेत असताना घरोघरी वर्तमानपत्रं टाकायचे. १९४४ सालच्या कमाईवर त्यांनी सरकारला रीतसर प्राप्तिकर भरला. फक्त ७ डॉलर! पण तो भरताना आपल्या सायकलचा खर्च त्यांनी धंद्याचा खर्च म्हणून वजा करून घेतला होता. सायकल ही मजा की धंद्याचं साधन, हे त्या चौदा वर्षांच्या मुलाला नेमकं कळलं होतं.

आता थोडं जपून वाचा. कारण हे काम खेळ नाही. यंत्राखाली पातं इतक्या वेगानं फिरतं की खालचा खडा गोळीसारखा उडतो. दरवर्षी तिकडे मुलांना यात गंभीर इजा होतात. म्हणून अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं सांगून ठेवलंय, की ढकलायचं यंत्र १२ वर्षांच्या आत चालवायचं नाही, आणि बसून चालवायचं यंत्र १६ वर्षांच्या आत नाही. पायांत बंद बूट, डोळ्यांना चष्मा, आधी दगड-काटक्या वेचायच्या, आणि लहान भावंडं अंगणात असतील तर यंत्र सुरूच करायचं नाही. २०१७ साली गंमत झाली. एका दहा वर्षांच्या मुलानं राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहिलं, "तुमचं गवत मी कापून देतो, पैसे नकोत." आणि त्याला खरोखर बोलावणं आलं! अकरा वर्षांचा झालेला तो पठ्ठ्या व्हाइट हाउसच्या रोझ गार्डनमध्ये यंत्र ढकलत होता, शेजारी राष्ट्राध्यक्ष! देशभर कौतुक झालं, पण टीकाही झाली. त्याच्या डोळ्यांवर चष्मा का नाही, असं लोकांनी विचारलं. मला तो प्रश्न अगदी रास्त वाटतो. (ती हिरवळ आता नाही. २०२५ साली ती काढून तिथे फरशी घातली.)

पालकहो, पुढचं तुमच्यासाठी. न्यू जर्सीतल्या मराठी घरात पुण्याहून आजी-आजोबा राहायला येतात आणि नातू शेजाऱ्याचं गवत कापताना दिसला की चरकतात. "याला काय कमी आहे? अभ्यास करू दे की!" त्यांचंही चुकत नाही. आपल्याकडे हे काम माळ्याचं, आणि शिकणारा मुलगा दुसऱ्याच्या अंगणात राबला तर 'लोक काय म्हणतील?' शिवाय आपण चहाच्या टपरीवर कपबश्या विसळणारा पोऱ्या पाहिलेला असतो. काम करणारं मूल म्हटलं की तोच डोळ्यांसमोर येतो.

पण या दोघांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. टपरीवरच्या मुलाची शाळा सुटलेली असते, आणि त्याला "आज नको" म्हणायची सोय नसते. आपल्याकडे १९८६ चा बालकामगार कायदा आहे. त्यात २०१६ साली सुधारणा झाली आणि १४ वर्षांखालच्या मुलांना कुठल्याही धंद्यात कामावर ठेवणं गुन्हा ठरलं. शाळा सांभाळून घरच्या कामात हात लावायची मुभा आहे. अमेरिकेतही बहुतेक नोकऱ्यांना १४ वर्षांची अट आहे. पेपर टाकणं, बाळं सांभाळणं, घराभोवतीची किरकोळ कामं अशी काही कामं त्यातून सुटतात. तुमचा मावसभाऊ गवत कापतो तो शनिवारी, दप्तर कोपऱ्यात ठेवून. कंटाळा आला तर तो धंदा बंद करू शकतो.

आणि अंगमेहनत करून शिकणं आपल्याला परकं कुठे आहे? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं ते 'कमवा आणि शिका' याच तत्त्वावर. तिथली मुलं शेतात राबायची आणि वर्गात शिकायची. फरक एवढाच, की त्या मुलांना कमावल्याशिवाय शिकता आलंच नसतं. मावसभावाला हे पैसे नवीन सायकलसाठी हवेत.

घरच्या कामाचे पैसे द्यावेत का, यावरून तिकडे घरोघरी वाद होतात. काही घरांत ताटं उचलण्याचेही पैसे ठरलेले असतात. काही घरांत साधा नियम असतो: आपल्या अंगणातलं गवत फुकट, शेजाऱ्याच्या अंगणातलं पैसे घेऊन. मला दुसरा नियम पटतो. स्वतःचं अंथरूण काढायचे पैसे कोण मागतं?

हल्ली तिकडेही हे दृश्य कमी झालंय. गवत कापणाऱ्या कंपन्यांच्या गाड्या येतात, चार माणसं उतरतात आणि वीस मिनिटांत काम उरकून जातात. काही अंगणांत तर कासवासारखा यंत्रमानव एकटाच गवत कापत फिरतो. त्याच्याशी मावसभावानं भावात स्पर्धा कशी करायची? तो म्हणतो, "यंत्रमानव आजींच्या झेंडूला पाणी घालत नाही. मी घालतो." पाणी घालायचे पैसे तो घेत नाही. झेंडूचं प्रकरण तुम्हाला आठवतंच आहे!

नोव्हेंबर आला की यंत्र धुऊनपुसून कोठीत जातं. मग झाडांची पानं गोळा करायची, आणि जानेवारीत बर्फ उपसायचं फावडं बाहेर काढायचं. या फावड्याचीही एक कथा आहे. २०१५ च्या जानेवारीत न्यू जर्सीतल्या एका गावात मोठं वादळ येणार होतं. दोन शाळकरी मुलं "तुमच्या दारातला बर्फ काढून देऊ" अशी पत्रकं घरोघरी वाटत होती. पोलिसांनी त्यांना थांबवलं. कारण काय, तर परवान्याशिवाय दारोदार धंदा करायला त्या गावात बंदी! बातमी सगळीकडे पसरली, लोक चिडले, आणि २०१६ साली राज्यानं चक्क कायदा केला, की बर्फाच्या वादळाचा इशारा मिळाला की पुढच्या २४ तासांत वादळ येण्याआधी बर्फ उपसायचं काम मागत फिरायला परवाना लागणार नाही. म्हणून रेडिओवर वादळाची बातमी लागली, की मावसभाऊ टोपी-हातमोजे चढवून निघतो. बेल वाजवतो. या वेळी तीन वाक्यं अडखळत नाहीत.