रात्री हीटिंग उतरवावं का?

‘रात्री हीटिंग कमी केलं, तर सकाळी घर पुन्हा तापवायला दुप्पट गॅस जळतो.’ अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाला पहिल्याच थंडीत हा सल्ला कुणी ना कुणी देतंच. तो चुकीचा आहे. घरातली ऊब किती वेगाने निसटते, हे आतल्या आणि बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. घर जितका वेळ कमी तापमानावर, तितकी गळती कमी. सकाळी फर्नेस सलग धडधडत राहते म्हणून ती जास्त जळते असं वाटतं. रात्रभर वाचलेलं कानाला ऐकू येत नाही. रोज आठ तास तापमान 7 ते 10 अंश फॅरनहाइटने उतरवलं, तर वर्षभरात 10 टक्क्यांपर्यंत बचत होते, असं अमेरिकेचा ऊर्जा विभाग सांगतो.

थर्मोस्टॅटचा आकडा 80 वर नेला की घर लवकर तापतं, हाही भ्रमच. साधी फर्नेस आपल्याच गतीने चालते, फक्त उशिरा थांबते.

पण फरशीखाली गरम पाण्याच्या नळ्या असतील, तर हाच नियम डोळे झाकून लावू नये. भौतिकशास्त्र तेच, फरशी मात्र सुस्त. चार इंच जाडीचं काँक्रीट निवायलाही कित्येक तास घेतं आणि तापायलाही. रात्री दहाला तापमान उतरवलं, तरी मध्यरात्र उलटेपर्यंत खोली उबदारच. म्हणजे बचत जेमतेम. आणि सकाळची ऊब पोचते, तेव्हा घरातले कामावर गेलेले असतात.

शिवाय फरशीखालच्या हीटिंगची खरी कमाई वेगळीच आहे. रेडिएटरला साधारण 160-180 अंशांचं पाणी लागतं, फरशीला बहुधा 85 ते 120 पुरतं. परतणारं पाणी कोमट असलं, की कंडेन्सिंग बॉयलर आणि हीट पंप सर्वांत काटकसरीने चालतात. रोज खोल उतरवून घाईने तापवायला गेलात, तर पाणी जास्त तापवावं लागतं आणि ती कमाई जाते. हीट पंपाला तर अशा वेळी विजेच्या महागड्या हीटरची जोड घ्यावी लागते.

फरशी गरम म्हणजे बिल आपोआप कमी, असंही नाही. काँक्रीटखाली उष्णतारोधक थर नसेल, तर ऊब जमिनीत मुरते. न्हाणीघरातल्या फरशीखालच्या विजेच्या चटया तर साध्या विजेच्या हीटरइतकीच वीज खातात.

तेव्हा गरम फरशीच्या घरात रोज दोन-तीन अंशांपलीकडे जाऊ नका. डिसेंबरात तीन आठवडे भारतात जाणार असाल, तेव्हा खुशाल 55 पर्यंत उतरवा. त्याखाली नको, पाण्याचे नळ गोठून फुटू शकतात. परतायच्या आदल्या दिवशी मोबाइलवरून पुन्हा चढवा.