एका स्वाध्यायाचा हिशेब

विद्यालयास भेट देणारी मंडळी वर्गात आली की बहुधा एखादी वही हाती घेतात, एका पानावर थबकतात आणि विचारतात, "हे कशाला देता मुलांना?" विचारणारे कधी देणगीदार असतात, कधी पालकांचे शिकलेले नातेवाईक. त्यांच्या आस्थेविषयी आम्हांस शंका नाही. परंतु तेवढ्या पानावरून स्वाध्याय बदलण्याची सूचना परस्पर व्यवस्थापनाकडे जाते आणि शिक्षकास विचारायचे तेवढे राहून जाते, तेव्हा मन खट्टू होते. सर्वाधिक आक्षेप आलेला एक स्वाध्याय म्हणून येथे उलगडून सांगत आहोत.

सातवीच्या गणितात सरळव्याज शिकवावे लागते. आमच्या वसतिगृहातील अनेक मुलांचे आईवडील दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि मजुरीतून फेडायची, ही रीत मुलांना ठाऊक असते. तिचे गणित ठाऊक नसते. स्वाध्यायात आम्ही सोयीचे, काल्पनिक आकडे घेतले. उचल 1,00,000 रुपये. दिवसाची तोड दोन टन, टनाला 300 रुपये. उचल किती दिवसांत फिटेल? हंगाम 150 दिवसांचा असेल तर बाकी किती? येथवर उत्तर 10,000 येते आणि मुले निश्चिंत होतात. पुढील प्रश्न आजारपणाच्या वीस खाड्यांचा. बाकी 22,000 होते. तिच्यावर दरसाल दरशेकडा 12 दराने वर्षाचे व्याज 2,640. पोटाला लागणारा खर्च तर यात धरलेलाच नाही, हे एखादी मुलगी आपणहून सांगते, आणि मग वर्गात जी शांतता पसरते ती पाठ्यपुस्तकातील कोणत्याही उदाहरणाने आजवर पसरलेली नाही.

आक्षेप असा की, ज्या कोयत्यापासून मुलांना दूर न्यायचे, तोच पुन्हा त्यांच्या हाती का द्यावा? प्रश्न मनापासूनचा आहे. पण सुट्टीत घरी गेलेल्या मुलासमोर मुकादमाची वही उघडली जाते तेव्हा ती वाचू शकणारे घरात पुष्कळदा तेच एकटे असते. त्याला ती वाचता यावी, एवढाच आमचा हेतू. कोणाच्या घरची उचल किती, हे आम्ही वर्गात कधीही विचारत नाही. शिवाय हा स्वाध्याय मालिकेतील चौथा आहे. आधीच्या तिन्हींत टक्केवारी, पावती व बँकेचे पासबुक येते. सुटे पान पाहून ही चढण दिसत नाही.

राहिला अधिकाराचा मुद्दा. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 24 नुसार प्रत्येक बालकाची शिकण्याची क्षमता पाहून आवश्यक ते जादा अध्यापन करणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. राज्यातील आकारिक मूल्यमापनातही स्वाध्याय हे एक मान्य साधन आहे. शिष्यवृत्तीचा सराव घ्यावा, हे आम्हांसही मान्य. तो आम्ही घेतोच.

हल्ली आक्षेप घेणाऱ्या पाहुण्यांना आम्ही आधी तो स्वाध्याय सोडवावयास देतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर काही जण 166 दिवस लिहितात. 166 दिवसांनंतर 400 रुपये उरतात, म्हणून 167 वा दिवस तोडावाच लागतो, हे त्यांना मुलेच समजावून देतात.