पाठीवरची पिशवी आणि अठ्ठेचाळीस साल

हल्लीची तरुण मुले पाठीवर भली मोठी पिशवी अडकवून व्हिएतनाम, कंबोडिया असे देश पालथे घालतात. आपल्या सभासदांपैकी कित्येकांची मुले-मुली अशी जाऊन आली आहेत. नोम पेन्हमधील तुओल स्लेंग ही एके काळची शाळा. ख्मेर रूजच्या राजवटीत, १९७५ ते १९७९ या काळात, तिचा तुरुंग झाला आणि पुढे तिथे संग्रहालय उभे राहिले. तिथल्या भिंतींवरची छायाचित्रे पाहून आलेली मुले दोन-चार दिवस कमी बोलतात. युद्धाच्या खुणा अजून अंगावर वागवणारा देश पाहिला, असे ती सांगतात, तेव्हा माझ्या मनात येते की असा एक मुलूख आपल्या दाराशीच होता आणि तो मी पायी पाहिला आहे. संपादकांनी या वर्षीच्या स्मरणिकेसाठी प्रवासवर्णन मागितले, म्हणून परदेशाच्या वाटेस न जाता मी गुलबर्गा ते बीदर हा प्रवास निवडला. (गुलबर्ग्याचे २०१४ साली अधिकृतपणे कलबुर्गी झाले, परंतु जुन्या आठवणी जुन्याच नावाने येतात, त्याला इलाज नाही.)

१९७८ चा जानेवारी महिना. गुलबर्ग्याच्या महादेवप्पा रामपुरे वैद्यकीय महाविद्यालयात आम्ही शेवटची परीक्षा देऊन मोकळे झालो होतो. आम्ही तिघे मित्र: एक सोलापूरचा, एक उदगीरचा आणि मी. खाकी कापडाच्या पिशव्या, प्रत्येकी एक घोंगडी, एक स्टेथॉस्कोप आणि दोनशे पानी वही एवढा संसार पाठीवर घेऊन आम्ही निघालो. त्या काळी बीदरला थेट आगगाडी नव्हती. ती २०१७ साली आली. शिवाय आम्हाला चालतच जायचे होते. मार्गही सरळ नव्हता. कमलापूर, हुमनाबाद, तेथून पश्चिमेला राजेश्वर, बसवकल्याण, मग गोरटा, भालकी आणि बीदर, असा वळसा घेत नऊ दिवस लागले. कंटाळा आला की बैलगाडी, नाहीतर एखादा दयाळू ट्रकवाला.

या भागातील ज्येष्ठांना इतिहास सांगण्याची गरज नाही. तरुण सभासदांसाठी थोडक्यात सांगतो. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला तरी निजामाचे हैदराबाद संस्थान वेगळेच राहिले. कासिम रझवीच्या रझाकारांनी पुढील वर्षभर खेड्यापाड्यांत जो धुमाकूळ घातला त्यामुळे हजारो कुटुंबे सोलापूर, बार्शीकडे पळाली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरच्या बाजूने नळदुर्गमार्गे आत शिरले. १७ तारखेला पहाटे बीदर हाती आले आणि त्याच दिवशी निजामाने शस्त्रे खाली ठेवत असल्याचे जाहीर केले. सरकारी भाषेत ही ‘पोलीस कारवाई’. रणगाडे आणि विमाने घेऊन पोलीस कुठे जात नाहीत, हे तेव्हाही सर्वांना कळत होते.

आम्ही निघालो तेव्हा या गोष्टीस तीसच वर्षे झाली होती. घटना पाहिलेली माणसे चाळिशी-पन्नाशीत होती, औत हाकत होती, नातवंडे खेळवत होती.

कमलापूरला तांबडी केळी खाल्ली. हुमनाबादजवळ माणिकनगरला माणिकप्रभूंच्या संस्थानात रात्र काढली. प्रभूंचा (१८१७ ते १८६५) सकलमत संप्रदाय सर्व धर्मांच्या लोकांना जवळ करणारा, हे आपण जाणताच. दुसऱ्या दिवशी पुणे-हैदराबाद हमरस्त्याने राजेश्वरकडे निघालो. याच रस्त्याने उमरग्याहून सैन्याची मुख्य फळी पुढे सरकली होती आणि राजेश्वरच्या वाटेवर दबा धरून बसलेल्या निजामी तुकड्यांवर विमानांतून मारा झाला होता. रस्त्याकडेच्या हॉटेलातील एका म्हाताऱ्याने आम्हाला हाताने दाखवले, विमान कुठून आले आणि कुठे वळले. तो तेव्हा जनावरे राखत होता. विमानाच्या आवाजाने पांगलेल्या म्हशी गोळा करायला त्याला दोन दिवस लागले. एवढ्या मोठ्या लढाईतले त्याला आठवत होते ते हे. मला ती आठवण फार खरी वाटली.

त्याच दिवशी संध्याकाळी एका वस्तीवर मुक्काम पडला. घरधनी पन्नाशीचा, काटक. हातपाय धुताना त्याचा उजवा हात दिसला. कोपराखाली हाड वाकडे जुळलेले, पंजा पुरता उलटत नव्हता. अंगावर येणारी काठी अडवण्यासाठी माणूस हात आडवा धरतो, तेव्हा नेमके इथेच अल्नाचे हाड मोडते. न्यायवैद्यकाच्या तासाला हे आम्ही नुकतेच शिकलो होतो. सोलापूरच्या मित्राने विचारले, “मामा, हाताला काय झालं होतं?”

“आंब्यावरून पडलतो,” असे म्हणून त्याने विषय संपवला.

जेवणात ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि शेंगांची चटणी. रात्री गोठ्यासमोर शेकोटी पेटली तेव्हा तो आपण होऊन म्हणाला, “आंब्यावरून न्हाई पडलो. रझाकारानं काठी घातली, हात मधी घातला.” पेवातल्या ज्वारीसाठी ते आले होते. पेवाच्या तोंडावर हा उभा राहिला. थोरल्या भावाने त्यांना ज्वारी दिली नाही, भाऊ गेला. मोडलेल्या हातावर गावातल्याच एकाने बांबूच्या कामट्या बांधल्या. मग घरची सगळी सोलापूरकडे पळाली, छावणीत राहिली, मिलिटरी आल्यावर परतली.

“आणि परत आल्यावर?” मी विचारले.

तो उठला आणि बैलांना वैरण टाकायला गेला. परत आला तेव्हा पावसापाण्याचे बोलू लागला.

हा अनुभव आम्हाला पुढे वारंवार आला. माझी ती वही अजून माझ्याजवळ आहे. तीत नोंदलेल्या बहुतेक हकिगती सतरा सप्टेंबरला संपतात. त्याआधीचे सगळे तपशीलवार: कोणत्या वाटेने आले, कोणाचा वाडा पेटवला, कोण कडब्याच्या गंजीत लपले. सतरा तारीख आली की सांगणारा थांबतो.

दुसरा दिवस वेळ अमावास्येचा होता. हा सण आपल्या सीमाभागाचा आणि शेजारच्या लातूर-उस्मानाबादचा; पुण्या-मुंबईच्या सभासदांना तो समजावून सांगता सांगता पुरेवाट होते. सारा गाव शेतात. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा, आंबील, भज्जी, उंडे; वाटसरूला हात धरून जेवायला बसवतात. आम्ही भर दुपारी एका गावात शिरलो तो गल्लीत चिटपाखरू नाही. सगळ्या दारांना कड्या. उन्हात एक कुत्रे झोपलेले. फक्त मारुतीच्या पारावर एक म्हातारे आजोबा बसले होते. गुडघ्यांमुळे त्यांना शेतापर्यंत जाणे होत नव्हते.

“कुठनं आलाव, बाबा?” त्यांनी विचारले. आम्ही सांगितले. गाव असे रिकामे कसे, यावर ते हसले आणि म्हणाले, आज आंबिलीसाठी रिकामे आहे. त्या साली असेच महिनाभर रिकामे होते, तेव्हाही राखणीला कुत्रीच होती. पुढे त्यांनी आमच्याकडून गुडघे तपासून घेतले. मुळ्याचे पान उघडून दाखवावे इतक्या सहजपणे त्यांनी ही गोष्ट सांगितली होती.

पाण्यासाठी आम्ही पाराजवळच्या आडाकडे वळलो तेव्हा मात्र त्यांनी हाक मारून थांबवले. “तिथलं न्हाई, पलीकडच्या आडाचं घ्या.” नारूमुळे का, असे उदगीरच्या मित्राने विचारले. त्यांनी नकारार्थी मान हलवली, बस्स. त्या नऊ दिवसांत असे न वापरले जाणारे तीन आड आम्ही पाहिले. एकाच्या काठावर शेंदूर लावलेला दगड होता. दुसऱ्यावर बाभळीचे फेस टाकून तोंड बंद केले होते. तिसरा उघडाच होता आणि पाणी काचेसारखे होते.

गोरट्याला आम्ही मुद्दाम गेलो. मे १९४८ मध्ये रझाकारांनी या गावावर हल्ला केला. दोनशेच्या आसपास माणसे मारली गेली असे सांगतात. आसपासच्या खेड्यांतून आश्रयाला आलेलेही त्यांत होते. तिथे आम्ही फारसे प्रश्न विचारले नाहीत. एका बाईंनी वाड्याचे दार दाखवले. लाकडावर कुऱ्हाडीचे घाव होते. दार बदलले का नाही, असे विचारण्याचे धाडस कोणालाच झाले नाही. त्यांनी आम्हाला गूळ-पाणी दिले. गोरट्याला आता हुतात्म्यांचे स्मारक आहे. २०२३ च्या मार्चमध्ये त्याचे आणि सरदार पटेलांच्या स्मारकाचे उद्घाटन झाले, मोठा राष्ट्रध्वज उभारला गेला. ते व्हायलाच हवे होते. पंच्याहत्तर वर्षे हा फार मोठा काळ आहे.

भालकीत एकच दिवस राहिलो. माझ्या उदगीरच्या मित्राची आत्या तिथे दिलेली. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य मोडले तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्याचेही तुकडे झाले: उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात, बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूरकडे आणि जहिराबादची बाजू आंध्रात. आत्याबाई घरात मराठी, बाजारात कन्नड आणि बांगडीवाल्याशी दखनी बोलत. सीमाप्रश्नावर आपण पुष्कळ लिहिले-बोलले आहे, म्हणून इथे त्याचा विस्तार करत नाही.

आणि मग बीदर. काळी माती संपून जांभा दगडाचा तांबडा माळ सुरू झाला. महमूद गवानच्या मदरशासमोर आम्ही बराच वेळ उभे होतो. १४७२ साली बांधलेली ही विद्यापीठाच्या तोडीची इमारत. औरंगजेबाच्या काळात तिथे साठवलेल्या दारूगोळ्याचा स्फोट होऊन दर्शनी भागाची एक बाजू आणि एक मनोरा कोसळला. शाळेत दारूगोळा ठेवला की काय होते, ते तिथे तीनशे वर्षे उघड्यावर मांडून ठेवले आहे.

बिदरीचे काम पाहायला आम्ही जुन्या गावातल्या एका कारागिराकडे गेलो. जस्त आणि तांब्याच्या ओतकामावर चांदीची तार ठोकायची आणि शेवटी किल्ल्यातली माती व नवसागर यांच्या पाण्यात भांडे काळे करायचे, ही ती कला. हा कारागीर जातिवंत कारागीर नव्हता. मूळचा शेतकरी. तेव्हा वयाने पंचेचाळिशीचा असेल. आम्ही कोणत्या वाटेने आलो हे ऐकून त्याने हातोडी खाली ठेवली. आमच्या वाटेवरचेच एक गाव त्याचे होते. ते आम्ही पाहिले होते. न वापरला जाणारा उघडा आड त्याच गावातला.

त्याची हकिगत सतरा सप्टेंबरनंतर सुरू होत होती.

गावात रझाकार झालेले दोघेच होते आणि ते आधीच पळाले होते, असे तो म्हणाला. उरलेल्यांवर लोक चालून आले. वडील आणि दोन चुलते त्याच दिवशी गेले. आई आणि बहीण आडाकडे धावल्या. हा पंधरा वर्षांचा पोरगा. “पटेल साब ने मेरे कू कडबी में छुपाये, तीन दिन,” तो शांतपणे सांगत होता. चौथ्या रात्री पाटलांनीच गाडीत गवताखाली घालून बीदरला आणून सोडले. जमीन? त्याने हात झटकला. नंतर गावी कधी गेला होता का? पाटील वारले तेव्हा, एकदा, खांदा द्यायला.

निघताना त्याने चहाचे पैसे देऊ दिले नाहीत. परतीच्या बसमध्ये आम्ही तिघे बराच वेळ गप्प होतो. माझ्या वहीतल्या आधीच्या साऱ्या हकिगती जिथे थांबल्या होत्या तिथून पुढची पाने एका माणसाने भरली होती, आणि पहिली पाने खोटी ठरत नव्हती. वाकडा हात खरा होता, गोरट्याचे दार खरे होते, हाही खरा होता.

वाचकहो, एका माणसाच्या सांगण्यावर विसंबू नये, हे आपल्या व्यवसायाला सांगायला नको. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात या भागाचा दौरा केला होता. तिचा अंदाज असा की कारवाईच्या वेळी आणि नंतर, संस्थानात सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली, त्यांत मुख्यतः मुसलमान; आणि सर्वाधिक झळ बसली ती उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या चार जिल्ह्यांना. विहिरींतल्या प्रेतांची नोंद त्यात आहे. जिवावर उदार होऊन शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही आहे. रझाकारांचे अत्याचारही त्यात नाकारलेले नाहीत. हा अहवाल दशकानुदशके प्रसिद्ध झाला नाही. सर्वसाधारण वाचकापर्यंत तो एकविसाव्या शतकात पोचला. मी तो वाचला तेव्हा मला बिदरी कारागिराचे घर आठवले. काही जणांना असे वाटते की हे बोलल्याने गोरट्याच्या हुतात्म्यांचा मान कमी होतो. मला तसे वाटत नाही. रुग्णाच्या दोन जखमा असतील तर एक लिहून दुसरी गाळणारा केसपेपर आपण विद्यार्थ्याच्या तोंडावर परत फेकू.

आम्ही फिरलो तेव्हा आघातोत्तर तणावविकार हे निदान पुस्तकात नव्हते. व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांमुळे त्याकडे लक्ष गेले आणि १९८० मध्ये त्याला अधिकृत नाव मिळाले. मी बीदरात दवाखाना थाटल्यावर छातीत धडधड, झोप नाही, रात्री दार पुन्हापुन्हा तपासणे, अशा तक्रारी घेऊन येणारी साठीतली माणसे पाहिली. ईसीजी निर्दोष. मग मी हळूच विचारी, अठ्ठेचाळीस साली तुम्ही कुठे होता? काही जण सांगत. काही जण गोळ्यांची चिठ्ठी मागून उठत.

आता ते रुग्णही उरले नाहीत. त्या वेळी दहा-बारा वर्षांची असलेली थोडी माणसे तेवढी येतात. त्यांतले एक आजोबा दर महिन्याला रक्तदाब तपासायला येतात. तपासून झाले की दोन मिनिटे बसून राहतात. मागच्या पावसाळ्यात त्यांनी प्रथमच सांगितले की त्यांच्या वाड्यामागचा मळा अठ्ठेचाळीसपूर्वी दुसऱ्या कोणाचा होता. मी टेबलाच्या खणातली वही काढली. त्यांनी त्या माणसाचे नाव सांगितले, मग त्याच्या वडिलांचे, आणि मी नीट लिहिले की नाही हे पाहण्यासाठी चष्मा मागितला.