घरबसल्या काम आणि ‘परत मिळणारं’ डिपॉझिट

“कंपनी एवढा माल घरी पाठवणार म्हटल्यावर डिपॉझिट घेणारच ना?” हे वाक्य मी भोसरीत ऐकलंय, चिखलीत ऐकलंय, चाकणच्या आंबेठाण चौकात चहाच्या टपरीवर ऐकलंय. बोलणारी माणसं अडाणी नसतात. कुणी मायक्रोमीटरवर शतांश मिलिमीटरचा फरक पकडणारा क्वालिटी इन्स्पेक्टर असतो, कुणी वर्षानुवर्षं स्टोअर सांभाळलेला. कंपनीत एका बोल्टचा हिशेब चुकला तर हा माणूस गेटपास अडवून धरतो. पण घरी बायकोनं व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली ‘पेन्सिल पॅकिंग’ची जाहिरात दाखवली की मान डोलावतो. वर आपल्यालाच समजावतो, “परत मिळणार आहे हो डिपॉझिट!”

ही जाहिरात तुमच्याही फोनवर येऊन गेली असेल. नटराजच्या पेन्सिली डबीत भरायच्या, महिना तीस हजार पगार, पंधरा हजार अ‍ॅडव्हान्स, माल घरपोच. नटराज आणि अप्सरा या पेन्सिली बनवणाऱ्या हिंदुस्तान पेन्सिल्स कंपनीनं आपण असं घरी पॅकिंगचं काम देत नाही, असं जाहीरपणे सांगितलेलं आहे. तरी जाहिरात फिरतेच. आधी नोंदणीचे काहीशे रुपये. मग ओळखपत्राचे. मग ‘माल निघाला, कुरिअरवाल्याला एवढे पाठवा’. मग जीएसटी. मग फोन बंद. दर वेळची रक्कम इतकी बेताची असते की ‘आता एवढे भरलेत, तर आणखी एवढे’ असं म्हणत माणूस पुढे जात राहतो.

एक साधा हिशेब करा. पेन्सिली कारखान्यात पॅक होऊनच बाहेर पडतात. त्या सुट्ट्या पेन्सिली आणि रिकाम्या डब्या चिखलीच्या एका वन बीएचकेमध्ये पोचवायच्या आणि भरून परत न्यायच्या, तर भाडंच पॅकिंगच्या खर्चाच्या कितीतरी पट होईल. एवढं करून वर तीस हजार पगार? कुठल्या कॉस्टिंगमध्ये बसतं हे?

डिपॉझिटचं तर आपल्या पिंपरी-चिंचवड, चाकणच्या कारखानदारी पट्ट्यात कुणाला समजावायची वेळच येऊ नये. इथं जॉब वर्कवर हजारो घरं चालतात. चाकणच्या मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारे उद्योग भोसरी, तळवड्यातल्या छोट्या वर्कशॉपना टर्निंग, ड्रिलिंग, प्लेटिंगसाठी माल देतात. टेम्पोत कास्टिंग चढतं, सोबत डिलिव्हरी चलन असतं. त्यावर मालाचं वर्णन, नग, किंमत, सगळं लिहिलेलं. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉब वर्कला गेलेला कच्चा माल वर्षभरात मूळ मालकाकडे परत यावा लागतो. नाही आला तर तो विकला असं धरून कर मालकालाच भरावा लागतो. म्हणजे जोखीम माल देणाऱ्याची. आणि नग बाद झाले तर? डेबिट नोट येते, बिलातून रक्कम कापली जाते. जे काही वसूल करायचं ते काम झाल्यावर, कामाच्या पैशांतून. लाखाचं कास्टिंग देणारा पर्चेसवाला ‘आधी साडेसहाशे गुगल पे करा’ म्हणाला, तर वर्कशॉपवाला त्याला चहासुद्धा विचारणार नाही.

मग घरच्या कामाच्या बाबतीतच आपली अक्कल कुठं जाते? मला वाटतं, मुळात इथं नोकरीसाठी पैसे मोजायची सवय लागलेली आहे. बाहेरगावाहून आलेला पोरगा चाकणमध्ये उतरतो, ‘कन्सल्टन्सी’च्या पाटीखाली उभा राहतो आणि कंत्राटदाराकडे चिकटवून द्यायचे म्हणून दोन-चार हजार काढून देतो. सगळेच देतात, म्हणून ते रीतीचं वाटायला लागतं. ऑनलाइन भामट्यांना ही तयार जमीन आयतीच मिळाली.

घरून करायचं काम खरं असतं तेव्हा कसं दिसतं, त्याचा नमुना महाराष्ट्रातच आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत उभं राहिलं. सकाळी केंद्रावरून पीठ न्यायचं, घरी लाटायचं, दुसऱ्या दिवशी पापड वजन करून द्यायचे आणि वणाई, म्हणजे लाटण्याची मजुरी, घ्यायची. सगळा व्यवहार तराजूसमोर आणि केंद्राचा पत्ता गल्लीतल्या पोरालाही ठाऊक.

दुसरा गैरसमज याहून महागात पडतो. “पण त्यांनी तर आधी मलाच पैसे पाठवले!” हो, पाठवले. हॉटेलला रेटिंग द्या, गुगल मॅपवर पाच तारे द्या, एका कामाचे दीडशे रुपये, आणि ते खरोखर खात्यात येतात. मुळात पैसे देऊन रिव्ह्यू लिहून घेणं गुगलच्याच नियमांत बसत नाही, म्हणजे हे ‘काम’ कामच नव्हे. पण दीडशे आले की विश्वास बसतो. मग टेलिग्रामचा ग्रुप, तिथं रोज हजारोंच्या कमाईचे स्क्रीनशॉट टाकणारे ‘सहकारी’, जे सगळे त्यांचेच. मग ‘प्रीपेड टास्क’: पाच हजार भरा, साडेसहा घ्या. एकदा मिळतात. पुढच्या वेळी पन्नास हजार भरले की आकडा फक्त स्क्रीनवर वाढतो. काढायला गेलं तर ‘आधी तीस टक्के टॅक्स भरा’.

इथं थांबून एक गोष्ट नीट लक्षात घ्या. प्रामाणिक पैसे देणारा कर कापायचा असेल तर देय रकमेतून कापतो आणि तुमच्या पॅनवर जमा करतो. फॉर्म २६एएसमध्ये तो दिसतो. तुमचेच पैसे तुम्हाला देण्यासाठी तुमच्याकडून आणखी पैसे मागणारा कर भारतात नाही.

आकडा हवा असेल तर केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आय४सी या सायबर गुन्हेविरोधी केंद्राचा घ्या. २०२४ च्या जानेवारी ते एप्रिल या चारच महिन्यांत गुंतवणूक आणि टास्क प्रकारच्या फसवणुकीच्या ६२,६८७ तक्रारी आल्या, बुडालेली रक्कम २२२.५८ कोटी. भागाकार करा: तक्रारीमागे सरासरी साडेपस्तीस हजार. कंत्राटी कामगाराचे जवळपास दोन पगार. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये याच केंद्राच्या शिफारशीवरून शंभराहून जास्त वेबसाइट बंद केल्या गेल्या. त्यांचं लक्ष्य कोण होतं, तर निवृत्त लोक, महिला आणि बेरोजगार तरुण. आणि ते दीडशे रुपये? ते बहुतेक वेळा दुसऱ्या एखाद्या फसलेल्याच्या किंवा भाड्यानं घेतलेल्या खात्यातून आलेले असतात. त्या खात्याविरुद्ध तक्रार झाली की साखळीतलं तुमचंही खातं गोठू शकतं, मग तुम्ही पुढे एक पैसा न भरता शहाणपणानं बाहेर पडला असलात तरी.

बाकीचे गैरसमज भराभर घेऊ.

“डेटा एन्ट्रीत चुका झाल्या, आता वकिलाची नोटीस आलीय, दंड भरला नाही तर अटक.” करार मोडणं ही दिवाणी बाब आहे, त्यासाठी अटक होत नाही. शिवाय करारात दंडाची रक्कम लिहिली म्हणून ती आपोआप देणं लागत नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ वाजवी भरपाईपुरतंच बोलतं आणि वाजवी किती हे न्यायालय ठरवतं.

“उद्यम प्रमाणपत्र दाखवलं त्यांनी.” ती नोंदणी फुकट होते आणि स्वतःच्या घोषणेवर होते. जीएसटी क्रमांक तर दुसऱ्याचाही चिकटवता येतो.

“खातं फक्त वापरायला द्यायचं, दोन टक्के कमिशन.” ही नोकरी नाही, गुन्ह्यातला सहभाग आहे. पोलीस पहिल्यांदा खातेदाराच्याच दारात येतात.

“बाळंतपणानंतर घरून काम हा हक्कच आहे.” २०१७ च्या दुरुस्तीनं २६ आठवड्यांची रजा हक्काची केली, घरून काम मात्र कामाचं स्वरूप तसं असेल तर आणि दोघांच्या संमतीनं.

“हिंजवडीत सगळे घरूनच करतात.” टीसीएसनं ऑक्टोबर २०२३ पासूनच लोकांना आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात बोलावलं. जिथं सवलत उरलीय तिथंही ती आधी काम येणाऱ्याला मिळते.

मग खरं काम नाहीच? आहे की. नोव्हेंबर २०२० मध्ये दूरसंचार विभागानं बीपीओंवरचे नियम सैल केले, तेव्हापासून कॉल सेंटरचा माणूस घरून बसू शकतो. पण त्याची मुलाखत होते, नेमणूकपत्र मिळतं, पीएफ कापला जातो. आणि आपल्या दाराशीच पाहायचं तर भोसरीतल्या प्रत्येक छोट्या वर्कशॉपला टॅली हवी असते, ११ तारखेला जीएसटीआर-१, १५ तारखेला पीएफ आणि ईएसआय, २० तारखेला जीएसटीआर-३बी. पूर्णवेळ अकाउंटंट परवडत नाही. कुणाला कॅडवर ड्रॉइंग करून हवं असतं, कुणाला ऑडिटच्या आधी पीपीएपीच्या, म्हणजे सुट्या भागांच्या मंजुरीच्या, फायली लावून हव्या असतात. मूल झाल्यावर क्वालिटीतली नोकरी सोडलेली बाई हे काम घरून उत्तम करू शकते. पैसे तीस हजार नाहीत, सुरुवातीला पाच-सहा हजारही मिळणं मुश्कील, आणि ओळख काढायला एमआयडीसीत पायपीट करावी लागते. या कामाची जाहिरात फोनवर येत नाही. नोकरीच शोधायची तर केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस आणि राज्याचं महास्वयं या दोन्ही पोर्टलवर नोंदणीला पैसे पडत नाहीत. तेव्हा त्यांच्या नावानं कुणी फी मागितली, तर तो त्यांचा माणूस नाही.

पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात पडून असेल तोवर रोखता येते, म्हणून पहिले काही तास महत्त्वाचे. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक हाताशी ठेवा, चॅट डिलीट करू नका. चाकण, आळंदी, देहूरोड, तळेगाव ही ठाणी १५ ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात आहेत. तरी हद्दीवरून कुणी टोलवलं, तर नव्या फौजदारी संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. राहता राहिला शेवटचा गैरसमज, की साडेसहाशे रुपयांसाठी कोण तक्रार करत बसणार. करा. तुमचे साडेसहाशे ज्या खात्यात गेले, त्यात आणखी शेकडो जणांचे गेलेले असतात, आणि तो खाते क्रमांक सायबर तक्रारीच्या पोर्टलवर कुणीतरी घातल्याशिवाय ते खातं गोठत नाही.